मॉस्को की पेकिंग? नव्या आर्थिक व्यवस्थेवर प्रबंध लिहिणाऱ्यांसाठी

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी प्रबंधाचा विषय ठरवायची वेळ आली की माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी दोघं-तिघं तरी एकाच ठिकाणी अडतात. शीतयुद्धाच्या काळातले विकसनशील देश हा विषय त्यांना आवडलेला असतो. जागतिक अर्थव्यवस्थेचे नियम बदला म्हणून या देशांनी १९७० च्या दशकात जो लढा दिला, त्यावर लिहायचं हेही ठरलेलं असतं. मग मार्गदर्शक सांगतात की सगळं जग घेऊ नका, एक देश धरा. आणि प्रश्न उरतो : सोव्हिएत संघ घ्यावा की चीन?

यंदा हा प्रश्न भाचीने विचारला. "मामा, दोघंही कम्युनिस्ट. दोघांनीही युनोत गरीब देशांच्या बाजूने हात वर केला. मग कोणताही घेतला तरी तेच ना?"

तेच नाही. हात दोघांनी वर केला हे खरं. पण खिशात हात घालायची वेळ आली तेव्हा दोघं वेगळे वागले आणि सगळ्यांना लागू होतील असे नियम लिहायची वेळ आली तेव्हा आणखी वेगळे. माझा कल सोव्हिएत संघाकडे आहे हे आधीच सांगून टाकतो. कारणं पुढे येतीलच, आणि चीन घेणं कोणाला जास्त सोयीचं पडेल तेही.

मागणी नेमकी काय होती

१९७३ च्या अखेरीस तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला. कच्चा माल विकणारे देश एकत्र आले तर भाव ठरवू शकतात, हे जगाने पाहिलं. अल्जीरियाचे अध्यक्ष हुआरी बूमेदीन यांनी ती वेळ साधली आणि कच्चा माल व विकास या प्रश्नावर संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचं खास अधिवेशन मागितलं. ९ एप्रिल १९७४ ला ते न्यूयॉर्कमध्ये सुरू झालं. १ मे रोजी 'नवी आंतरराष्ट्रीय आर्थिक व्यवस्था' उभारण्याचा जाहीरनामा मतदान न घेता मंजूर झाला. त्याच वर्षी डिसेंबरात राष्ट्रांच्या आर्थिक हक्क-कर्तव्यांची सनद आली. बाजूने १२०, विरोधात ६, तटस्थ १०. अमेरिका, ब्रिटन, पश्चिम जर्मनी, डेन्मार्क, बेल्जियम आणि लक्झेंबर्ग हे विरोधातले सहा. मॉस्को आणि पेकिंग (आजचं बीजिंग) दोघंही १२० मध्ये.

मागण्यांची यादी लांब होती. नैसर्गिक संपत्तीवर देशाचा पूर्ण हक्क, राष्ट्रीयीकरणाचा अधिकार, बहुराष्ट्रीय कंपन्यांवर वचक. कच्च्या मालाला स्थिर आणि रास्त भाव, त्या भावाची आयात यंत्रांच्या भावाशी सांगड, कर्जात सूट, परवडेल अशा अटींवर तंत्रज्ञान, नाणेनिधीत मतांचा वाढीव वाटा, आणि श्रीमंत देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदत द्यावी हे जुनं आश्वासन.

ही यादी वहीत उतरवून घेताना पहिल्या तीन मागण्यांखाली एक रेघ मारा. त्या तीन पाश्चात्त्य कंपन्यांच्या आणि त्यांच्या सरकारांच्या विरोधात होत्या. त्यांना पाठिंबा द्यायला मॉस्कोला किंवा पेकिंगला एक पैसाही लागत नव्हता. रेघेखालच्या मागण्यांना मात्र खर्च होता, आणि प्रबंधाचा खरा मजकूर तिथेच आहे.

मॉस्को : हे कर्ज आमचं नाही

सोव्हिएत भूमिका सर्वांत स्पष्ट दिसली ती मे १९७६ मध्ये, नैरोबीत. अंकटाडची, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेची ती चौथी बैठक होती. ही संस्था जन्माला यावी म्हणून सोव्हिएत संघाने स्वतः खटपट केली होती. जागतिक व्यापार परिषद बोलवा, अशी मागणी तो १९५६ पासून करत होता. १९६४ मध्ये जिनिव्हात पहिली अंकटाड भरली, राउल प्रेबिश तिचे महासचिव झाले आणि तिथेच ७७ विकसनशील देशांचा गट बांधला गेला. त्या दिवसांत विकसनशील देश आणि समाजवादी देश खांद्याला खांदा लावून उभे असल्यासारखे दिसत.

नैरोबीत चित्र पालटलं होतं. टेबलावर चहा, ताग, तांबं, कोको, रबर अशा १८ वस्तूंचा एकत्रित कार्यक्रम होता. भाव पडले की माल विकत घेऊन साठा करायचा, भाव चढले की तो बाजारात सोडायचा, आणि या साठ्यांसाठी सगळ्या देशांनी मिळून एक सामायिक निधी उभारायचा. ७७ देशांच्या गटाने हे ताट पश्चिमेपुढे ठेवलं तसंच समाजवादी गटापुढेही ठेवलं. तुम्हीही औद्योगिक देश आहात, तुम्हीही वाटा उचला.

मॉस्कोने नकार दिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : विकसनशील देशांचं मागासलेपण ही वसाहतवादाची देणगी आहे. वसाहती आमच्या नव्हत्या. बहुराष्ट्रीय कंपन्या आमच्या नाहीत. चलनवाढीचं आणि मंदीचं संकट भांडवलशाही अर्थव्यवस्थेतून उठलं आहे. तेव्हा भांडवलशाही देशांकडे ज्या मागण्या केल्या जातात, त्याच समाजवादी देशांकडे करायला आधार नाही. जगाची 'गरीब' आणि 'श्रीमंत' अशी वाटणीच त्याला मान्य नव्हती, कारण त्या वाटणीत सोव्हिएत संघ अमेरिकेच्या रांगेत जाऊन बसत होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात सोव्हिएत सरकारने आंतरराष्ट्रीय आर्थिक संबंधांच्या पुनर्रचनेवर एक सविस्तर निवेदन संयुक्त राष्ट्रांना दिलं. सूर थोडा मवाळ, गाभा तोच.

विद्यार्थी इथे घाई करतात आणि एका वाक्यात 'ढोंग' म्हणून मोकळे होतात. तसं करू नका. या युक्तिवादात तथ्य आहे. आफ्रिकेत आणि दक्षिण आशियात सोव्हिएत संघाच्या वसाहती नव्हत्या, हे खरं. दुसऱ्या महायुद्धात त्याची सुमारे २ कोटी ७० लाख माणसं मेली, पश्चिमेकडचा अर्धा देश बेचिराख झाला, हेही खरं. ज्याने घर जाळलं त्यानेच भरपाई द्यावी, हा साधा न्याय आहे.

अडचण अशी की ७७ देशांचा गट भरपाई मागत होता आणि त्याच वेळी भावाची, कर्जाची, तंत्रज्ञानाची नवी पद्धतही मागत होता. घर कोणी जाळलं याचं उत्तर मॉस्कोकडे तयार होतं. नवं घर बांधताना तुळई कोण धरणार, या प्रश्नाला ते उत्तर लागू पडत नाही. १९७६ मध्ये सोव्हिएत अर्थव्यवस्था जगात दुसऱ्या क्रमांकाची मानली जात होती. तेल, सोनं, शस्त्रं ती जागतिक बाजारात विकत होती आणि १९७३ च्या तेलदरवाढीचा तिला फायदाही झाला होता. गावचा सावकार आपण नाही, एवढं म्हणून वर्गणीतून सुटका होत नाही.

पेकिंग : आम्ही तुमच्यातलेच

चीन संयुक्त राष्ट्रांत आला तो ऑक्टोबर १९७१ मध्ये. म्हणजे १९७४ चं अधिवेशन त्याच्यासाठी नवीन मैदान होतं. १० एप्रिलला डेंग झिआओपिंग बोलायला उभे राहिले आणि त्यांनी माओंची 'तीन जगां'ची मांडणी जगापुढे ठेवली. पहिलं जग म्हणजे अमेरिका आणि सोव्हिएत संघ. दुसरं जग म्हणजे युरोप, जपान वगैरे. तिसरं जग आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिका. चीन या तिसऱ्यात. स्वतःला समाजवादी म्हणवणारी महासत्ता लुटीत कोणाहून कमी नाही, असा थेट आरोप त्यांनी केला. मॉस्कोला ज्या रांगेची भीती वाटत होती, तिथे पेकिंगने त्याला सर्वांसमक्ष नेऊन बसवलं.

त्याच भाषणात डेंग यांनी एक गोष्ट सांगितली जी आज पुन्हा वाचायला हवी. चीन महासत्ता नाही आणि कधी होणार नाही. जर कधी तो रंग पालटून इतरांवर दादागिरी करू लागला, तर जगातल्या लोकांनी त्याला सामाजिक साम्राज्यवादी (बोलणं समाजवादाचं, वागणं साम्राज्याचं) म्हणून उघडं पाडावं आणि चिनी जनतेच्या साथीने तो उलथून टाकावा. संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावरून स्वतःच्या देशाबद्दल असं बोललेलं दुसरं भाषण मला माहीत नाही.

हा कडवटपणा नुसत्या तत्त्वज्ञानातून आलेला नव्हता. जुलै १९६० मध्ये सोव्हिएत नेते क्रुश्चेव्ह यांनी चीनमधले हजाराहून अधिक सोव्हिएत तज्ज्ञ एकाएकी परत बोलावले होते. नकाशे गेले, सुटे भाग थांबले, अर्धवट कारखाने तसेच राहिले, आणि तेही दुष्काळाच्या वर्षांत. मदत देणारा एका रात्रीत हात आखडता घेऊ शकतो, हे चीनने सोसलं होतं. म्हणून परदेशी मदतीच्या त्याच्या आठ तत्त्वांत (चौ एन लाय यांनी ती जानेवारी १९६४ मध्ये घानाच्या दौऱ्यात जाहीर केली) स्वावलंबनावर एवढा भर आहे.

पण वाटाघाटीच्या खोलीत चीनचं वजन कमी होतं. तो ७७ देशांच्या गटाचा सभासद झाला नाही. 'गट ७७ आणि चीन' हा शब्दप्रयोग आजही चालतो. सामायिक निधी किती कोटींचा, कोणाचा वाटा किती, मतं कशी मोजायची, या किचकट बैठकांत त्याने पुढाकार घेतला नाही. पाठिंबा भरघोस, जबाबदारी थोडी. तिसऱ्या जगातलाच एक गरीब देश म्हणून त्याच्याकडे वर्गणी मागायलाही कोणी गेलं नाही. एकाच भांडणात मॉस्कोची कोंडी झाली आणि पेकिंग मोकळं राहिलं, याचं हे साधं कारण.

एक मतदान मुद्दाम पाहा. डिसेंबर १९७३ मध्ये सोव्हिएत पुढाकाराने आमसभेत ठराव झाला : सुरक्षा परिषदेच्या पाच कायम सभासदांनी लष्करी खर्च १० टक्क्यांनी कमी करावा आणि वाचलेल्या पैशातला काही भाग विकसनशील देशांना द्यावा. चीनने त्याच्या विरोधात मत दिलं. त्याच्या मते ही निव्वळ धूळफेक होती. मॉस्कोला पैसे देण्याचा रस्ता निःशस्त्रीकरणातून जाणारा हवा होता, कारण त्यात अमेरिकाही बांधली जात होती. पेकिंगला तो रस्ताच नको होता. दोन्ही भूमिका एका पानावर समोरासमोर ठेवायच्या असतील तर या ठरावाइतका सोपा दाखला मिळणार नाही.

भिलाई आणि ताझारा

भाषणांपेक्षा कामं जास्त बोलतात, म्हणून इथे थोडं थांबतो.

फेब्रुवारी १९५५ मध्ये भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार झाला. क्षमता १० लाख टन, सोव्हिएत कर्ज, व्याज अडीच टक्के, फेड बारा वर्षांत. फेब्रुवारी १९५९ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. या कराराचा परिणाम भिलाईपुरता राहिला नाही. त्याच काळात जर्मन राउरकेलाला आणि ब्रिटिश दुर्गापूरला कारखाने उभारत होते. रशियन अटी समोर आल्यावर इतरांनाही आपल्या अटींचा विचार करावा लागला. बोकारोच्या वेळी १९६३ मध्ये अमेरिकेने अंग काढलं आणि १९६५ च्या जानेवारीत सोव्हिएत संघ पुढे आला. आपल्याकडे पवईची आयआयटी १९५८ मध्ये युनेस्कोमार्फत आलेल्या सोव्हिएत मदतीवर उभी राहिली. मुंबईच्या समुद्रात तेल शोधण्यासाठी जी सुरुवातीची भूकंपलहरींची पाहणी झाली, तीही १९६० च्या दशकात एका सोव्हिएत जहाजाने केली.

माझे एक काका नागपूरहून भिलाईला गेले ते निवृत्तीपर्यंत तिथेच राहिले. विदर्भातली कितीतरी घरं अशी तिथल्या सेक्टरांमध्ये वसली. काकांच्या कपाटात रशियन-इंग्रजी तांत्रिक शब्दकोश होता. त्याची पानं कडेला काळी पडली होती, कारण भट्टीजवळ उभं राहून, हात न धुता शब्द शोधावा लागे. चुगून म्हणजे कच्चं लोखंड, श्लाक म्हणजे स्लॅग. रशियन फोरमन हाताने खूण करायचा, काका शब्द शोधायचे, दोघं मान डोलावायचे आणि काम पुढे सरकायचं. "ते आमच्याबरोबर भट्टीसमोर उभे राहत," काका सांगत, "पण राहायला त्यांची वसाहत वेगळी होती." हे दुसरं वाक्यही लक्षात ठेवा.

कारण चीनच्या आठ तत्त्वांतलं शेवटचं तत्त्व नेमकं याबद्दल आहे : चिनी तज्ज्ञांचं राहणीमान यजमान देशाच्या तज्ज्ञांइतकंच असेल, खास सोयी-सवलती मागता येणार नाहीत. त्याची परीक्षा झाली टांझानिया-झांबिया रेल्वेत, जिला सगळे ताझारा म्हणतात. झांबियाचं तांबं बंदरापर्यंत न्यायला गोऱ्यांच्या ताब्यातल्या ऱ्होडेशियातून (आजचा झिंबाब्वे) जावं लागे. दार-एस-सलामपर्यंत रेल्वे बांधा, अशी विनंती टांझानियाचे अध्यक्ष ज्युलियस न्येरेरे आणि झांबियाचे अध्यक्ष केनेथ कौंडा यांनी पश्चिमेकडे केली. जागतिक बँकेने हा मार्ग परवडणार नाही म्हणून नकार दिला. १९६७ मध्ये चीनने करार केला आणि १९७० ते १९७५ या काळात १८६० किलोमीटरचा लोहमार्ग टाकला. कर्ज सुमारे ९९ कोटी युआन, बिनव्याजी. हजारो चिनी कामगार आफ्रिकन कामगारांच्या जोडीने तंबूंत राहिले. साठाहून अधिक चिनी तिथेच मेले. त्यांची दफनभूमी टांझानियात आहे.

आता यातला एक बारकावा बघा. रेल्वेला स्थानिक खर्च लागतो : मजुरी, धान्य, सिमेंट. चीनकडे परकीय चलन नव्हतं. मग चिनी माल, म्हणजे शर्ट, भांडी, सायकली, टांझानिया आणि झांबियात पाठवला गेला, तिथल्या सरकारी दुकानांतून विकला गेला आणि त्या विक्रीच्या पैशातून मजुरी दिली गेली. दार-एस-सलामच्या घरातलं एनॅमलचं चिनी ताट म्हणजे एका अर्थी लोहमार्गाचा एक स्लीपर होता.

भिलाईचा हिशेब याच्या नेमका उलट. भारत कर्जाचा हप्ता रुपयांत भरायचा, ते रुपये भारतातल्याच खात्यात जमा व्हायचे आणि त्यातून सोव्हिएत संघ चहा, ताग, चामड्याचे बूट, होजियरी, काजू विकत घ्यायचा. डॉलर कुठेच लागत नसे. परकीय चलनाच्या टंचाईत दिवस काढणाऱ्या देशाला याचं मोल काय होतं, ते त्या काळातल्या कोणत्याही अर्थसंकल्पी चर्चेत दिसेल.

एकीकडे देणारा देश माल पाठवून खर्च भागवत होता, दुसरीकडे घेणारा देश माल पाठवून कर्ज फेडत होता. दोन्ही व्यवस्था जागतिक बाजाराला बाजूला ठेवून चालल्या. त्या बाजाराचे नियम ७७ देशांच्या गटाला बदलायचे होते, आणि त्या नियमांना या दोन्हींनी हात लावला नाही.

अटी तुलनेला घेतल्या तर चीन उदार होता : व्याज नाही, मुदत लांब. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात तर तो आपल्या सरकारी खर्चाच्या ५ टक्क्यांहून जास्त रक्कम परदेशी मदतीवर घालवत होता. स्वतः इतका गरीब असताना. सोव्हिएत कर्ज महाग होतं, पण त्यातून मिळणारी यंत्रं पुढची यंत्रं घडवू शकत होती. मला निवडायचं असतं तर १९५५ सालच्या भारतासाठी मी भिलाईच निवडलं असतं, आणि १९६७ सालच्या झांबियासाठी ताझारा. दुसरं कोणी द्यायला तयारच नव्हतं.

रुबलचा काच

१९४४ मध्ये ब्रेटन वुड्सच्या ज्या परिषदेत नाणेनिधी आणि जागतिक बँक ठरल्या, तिला सोव्हिएत संघ हजर होता, पण या दोन्हींत तो सामील झाला नाही. म्हणून नाणेनिधीत मतांचा वाटा बदला, या मागणीला त्याचा पाठिंबा बाहेरून ओरडण्याइतकाच राहिला. चीन १९८० मध्ये दोन्ही संस्थांत शिरला आणि लगेच कर्जदारही झाला.

रुबल मोकळेपणाने दुसऱ्या चलनात बदलता येत नव्हता. भारताकडे सोव्हिएत व्यापारात शिल्लक उरली तर त्या शिलकीतून जपानी यंत्र आणता येत नसे. रशियन मालच घ्यावा लागे. १९७० च्या दशकात डॉलर डळमळला तेव्हा रुबल आणि रुपया यांचा भाव काय धरायचा यावरून दिल्ली आणि मॉस्को यांच्यात कित्येक वर्षं घासाघीस चालली. नोव्हेंबर १९७८ च्या करारात रुपयाच्या हिशेबात रुबल महाग झाला. परिणामी जुन्या कर्जाचे हप्ते वाढले. विकसनशील देशांवरचा कर्जाचा बोजा हलका करा, असं युनोत म्हटलं जात असतानाच हे घडत होतं. भारत-सोव्हिएत मैत्रीच्या सर्वांत जिव्हाळ्याच्या दशकात, टेबलाच्या दोन बाजूंना बसून. प्रबंधासाठी याहून धारदार प्रसंग मला सुचत नाही.

क्युबाची साखर मात्र वेगळी गोष्ट सांगते. तिथे सोव्हिएत संघाने बहुतेक वर्षं जागतिक बाजारापेक्षा चढा भाव दिला आणि पुढे साखरेच्या भावाची सांगड स्वतःच्या निर्यात मालाच्या भावाशी घातली. ७७ देशांचा गट नेमकं हेच मागत होता. म्हणजे मॉस्कोला ते जमत नव्हतं असं नाही. जमत होतं, पण आपल्या आर्थिक गटात आलेल्या देशासाठी. अफगाणिस्तानचा नैसर्गिक वायू मात्र नळातून सोव्हिएत हद्दीत जात राहिला आणि त्याला मिळणारा भाव पश्चिम युरोपला सोव्हिएत वायू ज्या भावाने विकला जाई त्याहून कमी होता. क्युबा आणि अफगाणिस्तान एकाच प्रकरणात आणले तर 'समाजवादी मदत' या शब्दामागे किती वेगवेगळे व्यवहार दडले होते ते आपोआप उघड होईल.

पुढे काय झालं

ऑक्टोबर १९८१ मध्ये मेक्सिकोतल्या कानकून इथे २२ देशांचे नेते उत्तर-दक्षिण प्रश्नावर जमले. रेगन, थॅचर, इंदिरा गांधी, चीनचे झाओ झियांग आले. सोव्हिएत संघाला बोलावणं होतं. तो आला नाही. कारण जुनंच : हे भांडण आमचं नाही. पुढच्या वर्षी त्याने १९७६ ते १९८० या काळात ३० अब्ज रुबलची निव्वळ मदत दिल्याचा दावा केला, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे १ टक्का. पाश्चात्त्य सरकारांनी तो मान्य केला नाही आणि व्हिएतनाम, क्युबा, मंगोलिया यांना दिलेल्या सवलती कशा मोजायच्या यावर वाद चालू राहिला. ज्यांना आकडेमोडीची आवड आहे त्यांनी एक प्रकरण नुसत्या या वादावर लिहावं.

बदल आला तो गोर्बाचेव्ह यांच्या काळात. जुलै १९८७ मध्ये, जिनिव्हातल्या सातव्या अंकटाडच्या वेळी, सोव्हिएत संघाने सामायिक निधीच्या करारावर सही केली. नैरोबीत ज्या निधीसाठी वाटा द्यायला तो तयार नव्हता तोच हा. जून १९८९ मध्ये निधी अमलात आला. तोवर त्याचा आकार आणि दरारा दोन्ही ओसरले होते. ७ डिसेंबर १९८८ रोजी गोर्बाचेव्ह यांनी आमसभेत सांगितलं की अतिगरीब देशांच्या कर्जफेडीला १०० वर्षांपर्यंत स्थगिती द्यायला आणि काही ठिकाणी कर्ज माफ करायला आम्ही तयार आहोत. तीन वर्षांनी सोव्हिएत संघच उरला नाही. भारताचं देणं रशियाकडे गेलं आणि जानेवारी १९९३ मध्ये येल्त्सिन दिल्लीत आले तेव्हा त्यातला एक भाग ४५ वर्षांत, बिनव्याजी फेडायचं ठरलं.

चीनची कथा दुसऱ्या दिशेने गेली. १९७८ मध्ये त्याने अल्बानिया आणि व्हिएतनाम यांची मदत तोडली. १९६० मध्ये त्याच्या वाट्याला जे आलं होतं, तेच. मग घरच्या सुधारणा, मग जागतिक बँकेची कर्जं, आणि २०१३ नंतर बेल्ट अँड रोड, म्हणजे देशोदेशी रस्ते, रेल्वे, बंदरं बांधायला कर्ज देण्याची योजना. २०२० मध्ये झांबिया कर्ज फेडू शकला नाही तेव्हा त्याचा सर्वांत मोठा सरकारी सावकार चीन होता. ताझाराच्या देशातच हे घडलं, म्हणून डेंग यांचं १९७४ चं भाषण मी पुन्हा वाचा म्हणालो.

मग कोणता घ्यावा

चीन घ्या, जर तुमची नजर आजच्या प्रश्नांवर असेल. आफ्रिकेतली कर्जं, शांघायची ब्रिक्स बँक, कर्ज देणाऱ्याचा नैतिक दावा काळाबरोबर कसा बदलतो, हे विषय तिथे आहेत. पण मग चिनी भाषा येणारं कोणीतरी सोबत हवं. नाहीतर तुम्ही सरकारी इंग्रजी साप्ताहिकं आणि पाश्चात्त्य अभ्यासक यांच्यामध्ये अडकून पडाल. आणि १९७० च्या दशकापुरता चीन घेतला तर कागदपत्रांत भाषणं पुष्कळ आणि वाटाघाटी कमी, ही अडचण येणारच.

सोव्हिएत संघ घ्या, जर तुम्हाला एखादं धोरण उसवून बघायचं असेल. त्याची भूमिका लेखी आहे, सुसंगत आहे, आणि व्यवहाराशी तिचे सांधे जिथे जुळत नाहीत ती ठिकाणं बोट ठेवून दाखवता येतात. दुसरं कारण आपलं आहे. या व्यवहारात भारत नुसता प्रेक्षक नव्हता. संसदेतली प्रश्नोत्तरं, वाणिज्य मंत्रालयाचे वार्षिक अहवाल, त्या काळात मुंबईहून निघणाऱ्या आर्थिक नियतकालिकांचे अंक, हे सगळं मोठ्या ग्रंथालयांत मिळतं. रशियन येत नसेल तरी अर्धी बाजू तुम्हाला मूळ कागदांतून वाचता येते. शिवाय पवई, भिलाई इथे काम केलेली माणसं अजून आहेत. त्यांचं वय पाहता मुलाखती याच वर्षी घ्या, पुढच्या वर्षावर ढकलू नका.

एक सावधगिरी मात्र बाळगा. महाराष्ट्रात सोव्हिएत संघाबद्दल घराघरांतून आलेली माया आहे. स्वस्त, देखणी मराठी पुस्तकं, 'सोव्हिएत देश'चे गुळगुळीत अंक, त्यांच्या कागदाची वह्यांना घातलेली कव्हरं. माझ्याही वह्यांना ती होती. ती माया प्रस्तावनेत लिहा, कबूल करा, आणि १९७८ च्या रुबल-रुपया कराराच्या प्रकरणात तिला बाहेर ठेवा.

भाचीने विषय नोंदवला आहे : भारत-सोव्हिएत रुपया-व्यापार आणि नवी आंतरराष्ट्रीय आर्थिक व्यवस्था, १९७४ ते १९७९. पहिलं प्रकरण ती नैरोबीपासून सुरू करते आहे, आणि पुढच्या सुट्टीत काकांच्या जुन्या सहकाऱ्यांना भेटायला भिलाईला जाणार आहे. शब्दकोश मी तिलाच दिला.